कोश टेबलावरून पडद्यावर

मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द झाले सुमारे ६०,०००. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात आले. शिकागो विद्यापीठाने हे दोन्ही संगणकावर आणले, हे फार चांगले झाले.

पण लिहिता लिहिता अर्थ विचारू गेलो, तर अडते. ‘पाण्याने’ कोशात नाही; आहे ‘पाणी’. प्रत्यय सोडवून मूळ रूप काढणे गुरुजी फळ्यावर शिकवतात, तेच यंत्रालाही शिकवावे लागते.

त्यातून आपला परभणी जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, कारभार उर्दूत. आजोबांच्या जमिनीचा जुना कागद नातू उतरवून घेऊ लागला, की मराठी कोशाशेजारी उर्दूचाही उघडावा लागतो.