मारुती कांबळे आणि मामाचा ऊस

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की दौंड येईपर्यंत डब्यातला निम्मा आयटी मोबाईलमध्ये मान घालून सिनेमा बघत असतो. मागच्या शुक्रवारी मीही बघत होतो. फक्त माझा सिनेमा पन्नास वर्षं जुना, ब्लॅक अँड व्हाइट होता. शेजारच्या मुलाने दोनदा वाकून बघितलं आणि सोडून दिलं. सिनेमा होता 'सामना'.

आता योगायोग बघा. गाडीचं नाव ज्या चौघांवरून आहे ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे आमच्या सोलापूरचे. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, गावात गोळीबार झाला, लोक खवळले, पोलीस बाजूला झाले आणि काही दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य जवळपास नव्हतंच. १२ मेला मार्शल लॉ लागला. चौघांवर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली. हे आम्ही शाळेत दरवर्षी भाषणात म्हणायचो, पाठ करून. अर्थ फारसा न कळता. असो.

'सामना'चे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेलही सोलापूर जिल्ह्याचेच. जन्म पंढरपूरचा, शिक्षण सोलापुरात हरिभाई देवकरण प्रशालेत. प्रा. श्रीराम पुजारींच्या घरात गाण्याची आणि पुस्तकांची गोडी लागली. पुढे डॉक्टर झाले आणि दौंडला लहान मुलांचा दवाखाना काढला. म्हणजे माझी गाडी ज्या स्टेशनात उभी होती, त्याच गावात बसून हा माणूस दिवसा पेशंट तपासायचा आणि उरलेल्या वेळात नाटक-सिनेमे करायचा. आपण मात्र एक रिलीज झालं की दोन दिवस झोपून काढतो :-)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) हा साखर कारखानदार. कारखाना, कोंबड्या, शाळा, सगळं त्याच्या शब्दावर चालतं. त्याच्या गावात एक दारुडा, भणंग म्हातारा येऊन पडतो (श्रीराम लागू). हा एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक, मास्तर. हिंदुराव त्याला वाड्यावर आणतो, खाऊपिऊ घालतो. मास्तरच्या कानावर एक नाव पडतं, मारुती कांबळे. सैन्यातून परत आलेला, गरिबांच्या बाजूने बोलणारा आणि मग गायब झालेला. मास्तर विचारायला लागतो की त्याचं काय झालं. बस्, एवढंच. ना मारामारी, ना मोर्चा. एक म्हातारा एकच प्रश्न विचारत राहतो आणि एवढं मोठं साम्राज्य हलायला लागतं.

विजय तेंडुलकरांच्या पटकथेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हिंदुराव नुसता व्हिलन नाही. त्याने खरंच काम केलंय. जिथे कुसळं उगवत होती तिथे त्याने कारखाना उभा केलाय आणि ते त्याला अभिमानाने दाखवायचंय. अडचण इथेच आहे. एवढं सगळं केल्यावर एका माणसाचा हिशोब कोण मागतो, असं त्याला मनापासून वाटतं.

हा हिंदुराव कुठून आला, हे त्या काळच्या इतिहासात नीट दिसतं. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू केला. खाजगी कारखानदार आणि सावकारापासून शेतकऱ्याला सोडवायचं, हा हेतू अगदी चोख होता. १९६० साली राज्य झालं, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. म्हणजे दहा-बारा वर्षांत पैसा आणि अधिकार दोन्ही मुंबईतून उठून तालुक्याला आले. फार मोठी गोष्ट होती ती, मी तिची चेष्टा करणार नाही. पण कारखान्याचा चेअरमन, बँकेवरचा संचालक, दूध संघाचा अध्यक्ष आणि कॉलेजचा संस्थापक ही चार माणसं असायला हवी होती. ती बऱ्याच ठिकाणी एकच निघाली.

'सामना' १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. तो महोत्सव सुरू झाला २७ जूनला. आणीबाणी लागली २५ जूनच्या रात्री. म्हणजे तिकडे मास्तर पडद्यावर एका गायब माणसाबद्दल विचारत होता, तेव्हा इकडे प्रश्न विचारणारे तुरुंगात जात होते. पटकथेत टाकलं असतं तर आपणच म्हणालो असतो की फारच जुळवलंय.

आता खरी गंमत. १९७२ ला याच जोडीने, म्हणजे तेंडुलकर-पटेलांनी, 'घाशीराम कोतवाल' केलं होतं. त्यात नाना फडणवीस झाले होते मोहन आगाशे. अधिकार दुसऱ्याच्या हातात देऊन स्वतः नामानिराळा राहणारा नाना. 'सामना'त तेच आगाशे मारुती कांबळे आहेत. पुढे १९७९ ला अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून 'सिंहासन' आला. त्यात लागू आहेत मुख्यमंत्र्यांची खुर्ची खेचायला निघालेले अर्थमंत्री, आणि निळूभाऊ सगळं उघड्या डोळ्यांनी बघणारे पत्रकार दिगू टिपणीस. म्हणजे कालचा हिंदुराव आज साक्षीदार आणि कालचा मास्तर आज सत्तेच्या दाराशी. मुद्दाम केलं असेल की नाही देव जाणे, पण तिन्ही लागोपाठ बघितले की खुर्चीवर कोणीही बसू शकतं, हे अंगावर येतं. (सिंहासनचं शूटिंग थेट मंत्रालयात झालं. तेव्हा मुख्यमंत्री होते शरद पवार, जे १९७८ मध्ये वसंतदादांचं सरकार पाडून आले होते. परवानगी देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल.)

एक गोष्ट मला गाडीत बसून लक्षात आली. 'सामना' आला तेव्हा सोलापूर आजच्यासारखा उसाचा जिल्हा नव्हताच. ज्वारी आणि कापडगिरण्या, ही आमची ओळख. उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं आणि मग ऊस आला. आज जिल्ह्यात तीसच्या वर कारखाने आहेत. म्हणजे आमच्याकडे सिनेमा आधी आला आणि हिंदुराव नंतर!

माझ्या मामाचं गाव भीमेच्या काठाला. ऊस असणाऱ्याला वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. ऊस लावणं अवघड नाही, तो वेळेत तुटणं अवघड. टोळी कोणाच्या फडात कधी जाणार, हे कारखाना ठरवतो. तोड दोन महिने लांबली की उसाला तुरे येतात, वजन घटतं, उन्हाळा लागला की टोळीवाले वरचे पैसे मागतात आणि पुढचं पीकही लांबतं. त्यामुळे माणूस संपवायला त्याला गायब करावं लागत नाही, यादीत खाली ढकललं तरी पुरतं. मामा एका निवडणुकीत विरोधी पॅनलच्या गाडीत बसला होता. त्या वर्षी त्याचा ऊस एप्रिलपर्यंत उभा होता. कोणी धमकी दिली नाही, कोणी शिवी दिली नाही. विचारायला गेला की चिटबॉय म्हणायचा, "प्रोग्रामला नाव आलं नाही अजून."

रविवारी जेवताना मी मामाला 'सामना'बद्दल सांगायला लागलो. त्याने पाहिलेला होता, माझ्यापेक्षा चांगला आठवत होता. म्हणाला, "मास्तरचं बरंय बे, त्याला विचारायला हिंदुराव तरी समोर होता. आम्ही कुणाला विचारायचं? यादी संगणकातून निघती म्हणतेत."

आता मला इथे सांगायलाच हवं. माझी पहिली नोकरी पुण्यात एका छोट्या कंपनीत होती. आम्ही एका कारखान्यासाठी, मामाच्या नव्हे, दुसऱ्याच, तोडणी कार्यक्रमाचं सॉफ्टवेअर केलं. लागणीची तारीख आणि उसाची जात टाकायची, यादी आपोआप निघणार. फार खूश होतो मी, वशिलेबाजी संपली म्हणून. मग तिकडून मागणी आली की क्रम हाताने बदलायची सोय हवी. कारण रास्त होतं. कधी रस्ता खचतो, कधी फड पेटतो. मी बटन करून दिलं. कोणी बदललं, कधी बदललं, याची नोंद ठेवणारं टेबलही मी डिझाइनमध्ये टाकलं होतं. मीटिंगमध्ये सांगितलं गेलं की त्याची गरज नाही. मी दोन मिनिटं वाद घातला आणि ते टेबल काढून टाकलं. शुक्रवार होता, मला सहाची हुतात्मा पकडायची होती.

मामीने भाकरी वाढली. मामाने विचारलं, "तुमच्या त्या प्रोग्रामात नाव खाली कुणी सारलं ते दिसतंय का रे?"

"नाही मामा," मी म्हणालो. "तसं दिसत नाही."

"का बरं?"

मग मी त्याला मीटिंगची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही, नंतर शेंगाचटणीची वाटी माझ्याकडे सरकवली.