वर्ध्याचे विदेशी पाहुणे, आणि एक क्लब

आजच्या भागाचं हे लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल तर बसमध्ये वाचून काढा.

जून १९४२, सेवाग्राम. पावसाच्या आधीचा वर्ध्याचा उकाडा काय असतो, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. लुई फिशर नावाचा अमेरिकन पत्रकार आश्रमात आठवडाभर राहायला आला होता. गांधीजींशी बोलायचं आणि नंतर टिपणं टाईप करायची, हे त्याचं काम. पण घामाने जीव नकोसा झालेला. मग त्याने पत्र्याच्या टबात पाणी घेतलं, आत एक खोकं ठेवून त्यावर बसला, टबाबाहेर दुसऱ्या खोक्यावर टाईपरायटर मांडला. घाम आला की भांड्याने अंगावर पाणी. वर्क फ्रॉम होमचा याहून भारी सेटअप मी तरी पाहिलेला नाही.

जेवणाचंही तसंच. त्याच त्या उकडलेल्या भाज्या. दोन दिवसांत तो वैतागला आणि तसं सांगूनही टाकलं. गांधीजींनी मीठ-लिंबू घे म्हटलं. पाहुण्यासाठी वेगळा स्वयंपाक नाही झाला.

हे सांगायचं कारण म्हणजे, वर्ध्यात आंतरराष्ट्रीय होमस्टे क्लब काढायचा म्हटलं की आपली मंडळी आधी एसी, कमोड आणि इंग्रजी यांचीच चिंता करतात.

असे क्लब जगात जुने आहेत. १९४९ मध्ये बॉब लुइटवाइलर या अमेरिकन तरुणाने डेन्मार्कमध्ये सुरुवात केली, त्यातून 'सर्व्हास' उभी राहिली. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. अनोळखी देशातल्या माणसाच्या घरी साधारण दोन रात्री राहायचं, पैशांचा व्यवहार नाही. हातात एक ओळखपत्र, बस्स. एअरबीएनबीच्या कितीतरी आधी!

दुसरी 'फ्रेंडशिप फोर्स', १९७७ ची. वेन स्मिथ या पाद्रींची कल्पना, आणि पाठीशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर. इथे एका गावाचा क्लब दुसऱ्या गावाच्या क्लबाकडे जातो. कार्टरच्या घरात ही सवय आधीपासून होती म्हणायची. त्यांची आई लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअरमधून भारतात आली आणि आपल्या विक्रोळीत तिने नर्सचं काम केलं. १९६६ ते ६८.

आता परत वर्ध्याकडे. १९४९ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे सर्व्हासच्याच वर्षी, जागतिक शांततावादी परिषद भरली. पहिला टप्पा शांतिनिकेतनला, दुसरा सेवाग्रामला. मधल्या दिवसांत प्रतिनिधी गटागटाने देश फिरले. इंग्रज लेखिका व्हेरा ब्रिटनही त्यात होत्या. ही मंडळी खरं तर गांधीजींना भेटायला येणार होती. पण ते गेले, आणि परिषद पुढे ढकलावी लागली.

मला मात्र या सगळ्यात एका जपानी भिक्षूची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

निचिदात्सु फुजी १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या पंथाचा एक भिक्षू सेवाग्रामला येऊन राहिला. ढोल वाजवत त्याचा मंत्रजप चालायचा, आणि तो मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. मग जपान युद्धात उतरला. आदल्या दिवसापर्यंत पाहुणा असलेला माणूस सरकारी कागदावर शत्रुराष्ट्राचा नागरिक झाला आणि पोलीस त्याला घेऊन गेले. फिशर येऊन गेल्यावर महिना-दीड महिन्यात, जुलै १९४२ मध्ये, गांधीजींनी 'हरिजन'मध्ये जपानी जनतेला खुलं पत्र लिहिलं. चीनवरच्या हल्ल्याबद्दल त्यात जपानला स्पष्ट सुनावलं. त्याच पत्रात या भिक्षूची आठवणही आहे, आपुलकीने काढलेली. मंत्रही प्रार्थनेतून काढला नाही.

म्हणजे पाहुणचाराने युद्ध थांबत नाही, हे वर्ध्याने फार जवळून पाहिलंय. "दोस्तीने जग बदलेल" वगैरे पोस्टर क्लबाच्या भिंतीवर लावू नका बाप्पा. पण त्या देशाचं नाव घेतलं की आपल्या ओळखीचा एक चेहरा डोळ्यांसमोर येतो. तेवढं होतं, आणि ते काही कमी नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या गोष्टींमध्ये नावं येणाऱ्यांची राहिली. फिशरने पुस्तक लिहिलं, ब्रिटनने लिहिलं. फिशरच्या टबातलं पाणी कोणी शेंदलं, त्या भाज्या कोणी निवडल्या, हे कोणाला माहीत? आणि वर्ध्याच्या किती घरांनी उलट दिशेने जाऊन कोणाच्या स्वयंपाकघरात चहा केला? एकाच बाजूने पाहुणचार झाला तर त्याला एक्स्चेंज कसं म्हणायचं? म्हणून क्लब काढलाच तर नियम पहिल्याच बैठकीत ठरवा: जो ठेवून घेईल, त्याची जायची पाळीही लागेल. पासपोर्टचे अर्ज त्याच दिवशी भरायला घ्या. व्हिसाला वेळ लागतो, तिकिटाचे पैसे जमवायलाही, त्यामुळे दर महिन्याला थोडी भिशी लावलेली बरी.

कागदोपत्री आणखी एक. विदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, हॉटेलासारखीच घरालाही. विसरू नका.

सुरुवात कुठून करायची? विमानतळापर्यंत जायची गरज नाही. हिंदी विश्वविद्यालयात बाहेरच्या देशांतले विद्यार्थी हिंदी शिकायला येतात. एखाद्या रविवारी त्यांच्यापैकी दोघांना घरी जेवायला बोलवा. वरण-भात, ठेचा, जे रोजचं असेल ते. निघताना हातात गोरसपाकचा एक पुडा द्या.