ऑफिसातली फुलदाणी

१९७४ च्या अकरावीतल्या सर्वांना मुख्याध्यापकांच्या खोलीतली पिवळसर हिरवी फुलदाणी आठवत असेल. ज्यांना शिक्षेसाठी तिथे वारंवार उभं राहावं लागलं, त्यांना तर जास्तच! आपले इतिहासाचे सर ती दाखवून दरवर्षी सांगत, "पोरांनो, ही तळेगावची. पैसा फंडाची काच."

त्या वाक्यामुळेच स्वदेशीचा धडा आपल्या लक्षात राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागितला, लोकमान्यांनी त्यांना पाठबळ दिलं आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. जपानात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. तिथे शिकलेली मुलं पुढे देशभरच्या कारखान्यांत गेली.

सुवर्णमहोत्सवी मेळाव्यासाठी जुन्या वस्तूंचं छोटं प्रदर्शन करायचं ठरलं आणि फुलदाणीखाली काय लिहायचं, हा प्रश्न आला. शिक्का कुठेच नाही. शिक्का नसला म्हणजे वस्तू देशी, असं मात्र नाही. परदेशी मालावर देशाचं नाव हवं, हा अमेरिकेचा नियम १८९१ पासूनचा. तो तिकडे जाणाऱ्या मालापुरता होता. शिवाय अनेक कारखाने नुसतं कागदी लेबल चिकटवत. दोनदा धुतलं की ते गेलं.

मग आम्ही वस्तूलाच विचारायचं ठरवलं. साच्यात दाबून केलेल्या काचेवर सहसा सांध्याची रेघ दिसते. इथे ती नव्हती. म्हणजे काच फुंकून केलेली. फुंकलेल्या भांड्याचं तोंड घडवताना तळाला लोखंडी सळई चिकटवतात आणि ती काढली की खरबरीत व्रण राहतो. आपल्या फुलदाणीचा व्रण घासून गुळगुळीत वाटीसारखा केला आहे. ही मेहनत महाग मालावरच घेत. फुलं उठावदार मीनाकामाची, हाताने रंगवलेली. दोन पाकळ्या कधी सारख्या नाहीत.

बँकेतून निवृत्त झालेल्या आपल्या मित्राने नोटा तपासायचा दिवा आणला. दार लावून तो पाडला, तर फुलदाणी हिरवीगार चमकली! काचेत युरेनियम होतं. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, रीडेल घराण्याने १८३० च्या दशकापासून अशी काच लोकप्रिय केली. पण पुढे ती इंग्लंडसह इतरत्रही होऊ लागली, म्हणून नुसत्या चमकेवर निकाल देता येईना.

निकालाकडे नेलं ते तळावरच्या रंगाने लिहिलेल्या बारीक आकड्याने. तो शाळेचा सामान क्रमांक, असं सगळे समजत होते. डेडस्टॉक रजिस्टर काढलं, तर तिथला क्रमांक वेगळाच! नोंद एवढीच : "१९३१, काचेची फुलदाणी, नग १, भेट." बोहेमियातले कारखाने नक्षीचा क्रमांक असा तळाला रंगवत. पहिल्या महायुद्धाआधी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून बांगड्या, मणी आणि काचसामान मुंबई बंदरात भरपूर उतरे, हेही जुळतं. कारखान्याचं नाव सांगता येणार नाही, पण सगळे पुरावे एकत्र धरले तर बोट बोहेमियाकडे जातं.

आता हे सरांना सांगायचं कोणी? सर ८८ वर्षांचे. आम्ही तिघे घरी गेलो, चहा झाला, तरी विषय निघेना. शेवटी मीच सांगितलं. सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला मुख्याध्यापकांनी सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं. तपासलं कोणीच नाही. एवढी वर्षं चूक शिकवली की रे मी."

"सर, पैसा फंड तर खराच होता," मैत्रीण म्हणाली.

"तो खरा म्हणून ही खोटी चिठ्ठी चालणार नाही. पाटीवर बोहेमिया लिहा. आणि खाली लिहा, आधी काय समजत होतो ते."

तशीच पाटी लावली आहे. चुकीची कबुली देणारा तो तास वर्गात झाला नव्हता. पन्नास वर्षांनी झाला.

एक विनंती : १९३१ साली ही भेट कोणी दिली, हे तुमच्यापैकी कोणाच्या घरी ऐकिवात असेल, तर जरूर कळवा. ऐकीव म्हणूनच नोंदवू, आणि मग तपासू.