रक्तकर्करोगांचे विभेदक निदान

थकवा, ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम आणि सुजलेल्या लसीका ग्रंथी ही लक्षणे ल्युकेमिया व लिम्फोमा या दोहोंत आढळतात. थकवा आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग मायलोमातही दिसतो. भारतात क्षयरोगाचे चित्रही पुष्कळदा असेच असते. म्हणून मानेतील गाठीवर पुराव्याविना क्षयाची औषधे सुरू करणे धोक्याचे ठरते. लिम्फोमा असल्यास मोलाचे महिने हातचे जातात. अशा वेळी शक्यतो संपूर्ण गाठ काढून तपासावी. सुईने काढलेल्या थोड्या पेशींवरून ग्रंथीची रचना कळत नाही.

तपासणीची सुरुवात रक्तगणना आणि रक्ताच्या काचपट्टीपासून होते. रक्तात किंवा अस्थिमज्जेत अपक्व पेशी २० टक्के वा अधिक असल्यास सामान्यतः तीव्र ल्युकेमिया मानतात. कंबरदुखी, रक्तक्षय व मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र दिसल्यास मायलोमाची शंका घेऊन प्रथिनांचे विद्युत्कण-संचलन करतात.

सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या पेशी फ्लो सायटोमेट्रीने वेगळ्या ओळखता येतात. दीर्घकालीन लसीकापेशी ल्युकेमिया आणि मँटल सेल लिम्फोमा या दोहोंत सीडी-५ हे चिन्ह असते. मात्र पहिल्यात बहुधा सीडी-२३ आढळते, तर दुसऱ्यात सायक्लिन डी-१. दीर्घकालीन मज्जाजन्य ल्युकेमियाची खूण म्हणजे १९६० मध्ये वर्णिलेले फिलाडेल्फिया गुणसूत्र. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात रक्तस्रावाने रुग्ण लवकर दगावू शकतो. त्यामुळे शंका येताच, जनुकीय अहवालाची वाट न पाहता, ट्रेटिनॉइन हे औषध सुरू करतात.