वेबअसेंब्ली म्हणजे काय? फोटोशॉप ब्राउझरमध्ये चालतं तरी कसं?

फोटोशॉप किंवा ऑटोकॅड वापरायचं तर आधी ते कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करावं लागायचं. आता दोन्ही ब्राउझरच्या एका टॅबमध्ये उघडतात. हे शक्य झालं ते वेबअसेंब्ली या तंत्रज्ञानामुळे.

गरज का पडली?

१९९५ मध्ये आलेली जावास्क्रिप्ट ही वर्षानुवर्षं ब्राउझरची मुख्य प्रोग्रॅमिंग भाषा होती. वेबपेजवरच्या छोट्या कामांसाठी ती बनली होती. थ्रीडी गेम, फोटो एडिटिंग अशी जड कामं तिला झेपत नव्हती. शिवाय अशी सॉफ्टवेअर्स बहुतेकदा सी++ मध्ये लिहिलेली असतात. ती सगळी नव्याने लिहिणं परवडणारं नव्हतं.

म्हणून २०१५ मध्ये मोझिला, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल हे स्पर्धक एकत्र आले. २०१७ संपेपर्यंत फायरफॉक्स, क्रोम, एज आणि सफारी या चारही ब्राउझरमध्ये वेबअसेंब्ली आली. डिसेंबर २०१९ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली.

काम कसं चालतं?

डेव्हलपर सी++ किंवा रस्टमध्ये कोड लिहितो. कंपायलर त्याचं रूपांतर बाइटकोडमध्ये, म्हणजे आकड्यांच्या स्वरूपातल्या आटोपशीर सूचनांमध्ये करतो. ही फाइल तुमच्याकडे पोहोचली की ब्राउझर तिला तुमच्या प्रोसेसरच्या भाषेत बदलतो. त्यामुळे तीच फाइल अँड्रॉइड फोनवर आणि विंडोज लॅपटॉपवरही चालते.

मग जावास्क्रिप्ट संपली का? नाही. पेजवरचं साधं बटण बदलायचं असलं तरी वेबअसेंब्लीला सहसा जावास्क्रिप्टचीच मदत घ्यावी लागते.

हे सुरक्षित आहे का?

वेबअसेंब्लीचा कोड 'सँडबॉक्स'मध्ये, म्हणजे ब्राउझरने आखलेल्या कुंपणात चालतो. तुमचे फोटो किंवा फाइल्स तो परस्पर उघडू शकत नाही.

पण प्रोसेसर वापरायला त्याला मोकळीक असते आणि याचा गैरफायदाही घेतला गेला. २०१७ मध्ये आलेल्या कॉइनहाइव्हच्या कोडमुळे अनेक वेबसाइट्सवर लोकांना न विचारता त्यांच्याच कॉम्प्युटरवर मोनेरो या क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग होत होतं. ही सेवा २०१९ मध्ये बंद पडली, तरी ती युक्ती कुणीही पुन्हा वापरू शकतं.

म्हणून एखादी साधी वेबसाइट उघडताच फोन तापायला लागला किंवा लॅपटॉपचा पंखा जोरात फिरू लागला, तर आधी तो टॅब बंद करा. टॅब बंद झाला की त्यातला कोडही थांबतो.