परळच्या प्रयोगशाळेचा हिशेब

ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्देमार हाफकिन हा जंतुशास्त्रज्ञ कलकत्त्याहून मुंबईत आला. मुंबईत प्लेग पसरत होता. हा प्लेग असल्याचे निदान मांडवी भागात दवाखाना चालवणारे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी २३ सप्टेंबरला केले होते. मूळचे गोव्यातील हडफड्याचे असलेले व्हिएगस मुंबई महापालिकेचे सभासदही होते. हाफकिनने त्यापूर्वी कॉलऱ्याची लस तयार केली होती, म्हणून सरकारने त्याच्यावर प्लेगवरील संशोधनाचे काम सोपवले. त्यासाठी त्याला काय मिळाले? भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक ओसरीवजा खोली, एक कारकून आणि तीन शिपाई.

साथीच्या काळात संशोधनासाठी पैसा कुठून येतो, तो किती लवकर मिळतो आणि त्याचा हिशेब कोण मागतो, हे प्रश्न विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाहीत. पुस्तकात 'हाफकिन यांनी प्लेगची लस शोधली' एवढे एक वाक्य असते. त्या वाक्यामागची पंधरा वर्षे पाहिली तर शास्त्रज्ञाच्या बुद्धीइतकाच त्याच्यामागे उभ्या असलेल्या निधीचा प्रकारही महत्त्वाचा असतो, हे लक्षात येते.

साथीचा खर्च कशावर झाला?

साथ आली तेव्हा सरकारने पैसा खर्च केला नाही, असे मुळीच नाही. मुंबईत गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुतली जात होती. घरांना चुना लावणे, सामान जाळणे, रुग्णांना व त्यांच्या घरच्यांना छावण्यांत हलवणे, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी करणे, ही कामे प्रचंड प्रमाणावर चालू होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि अधिकाऱ्यांना व्यापक अधिकार मिळाले. पुण्यात घरझडतीसाठी सैनिक आणले गेले. त्यातून उसळलेला संताप आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला आपणा सर्वांना इतिहासातून माहीत आहे.

या साऱ्या उपायांमागे एक गृहीत होते. घाण, दमट जागा आणि दूषित हवा यांत रोगाचे मूळ आहे, असे ते गृहीत. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, परंतु तो माणसापर्यंत कसा पोचतो हे कोणालाच माहीत नव्हते. म्हणजे मोठा खर्च ज्या समजुतीवर चालला होता ती तपासली गेलेलीच नव्हती. आणि ती तपासण्याचे साधन असलेली प्रयोगशाळा एका ओसरीत होती.

ओसरीतले काम

हाफकिनने बोकडाच्या मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवले. त्या रसावर तुपाचे थेंब सोडले की जंतूंची वाढ थेंबांपासून खाली लोंबत्या धाग्यांसारखी होते, हे त्याने पाहिले. असे वाढवलेले जंतू उष्णतेने मारून, त्यात कार्बोलिक आम्ल घालून लस तयार होई. गाईचे किंवा डुकराचे मांस टाळण्यामागे धार्मिक हरकती कमी व्हाव्यात हा हेतू होता. खोलीची आणि माणसांची टंचाई असताना सुमारे तीन महिन्यांत लस हाती आली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस टोचली गेली, बाकीच्यांना नाही. टोचणीच्या दिवशीच ज्यांच्यात रोग दिसला होता ते वगळता, टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि कोणी दगावले नाही. न टोचलेल्यांपैकी बारा जण आजारी पडले आणि सहा दगावले. दोन्ही गटांचे अन्न एक, कोठड्या एक, काम एक. म्हणजे तुलनेसाठी लागणारी परिस्थिती तुरुंगात आयतीच मिळाली होती. आजच्या नियमांनुसार कैद्यांवर असा प्रयोग इतक्या सहजपणे करता येणार नाही, कारण कैद्याची 'स्वेच्छा' कितपत मोकळी असते हा प्रश्न आपण आता विचारतो. वर्गात हा मुद्दा जरूर चर्चेला घ्यावा.

लोकांचा पैसा, सरकारची इमारत

तुरुंगातील निष्कर्षानंतर लसीची मागणी वाढली आणि ओसरी पुरेनाशी झाली. या टप्प्यावर मदत आली ती एका खासगी व्यक्तीकडून. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी १८९८ मध्ये आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. आपल्या समाजापुढे त्यांनी स्वतः टोचून घेतले आणि हजारो खोजांनी त्यांचे अनुकरण केले. या देणगीत जागा होती आणि त्याबरोबर लोकांचा विश्वासही होता. सक्तीच्या झडत्यांनी धास्तावलेल्या शहरात त्या विश्वासाची किंमत पैशात मोजता आली नसती.

सरकारचा हात त्यानंतर सैल झाला. ऑगस्ट १८९९ मध्ये परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस प्रयोगशाळेला मिळाले. १८८२ मध्ये गव्हर्नरच्या पत्नी लेडी फर्ग्युसन यांचा तेथे कॉलऱ्याने मृत्यू झाला आणि त्यानंतर गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलला हलवला होता. साथीमुळे रिकामा झालेला राजवाडा असा साथींच्या अभ्यासाला उपयोगी पडला. १९०१ पर्यंत प्रयोगशाळेत ५३ माणसे काम करत होती. एक कारकून आणि तीन शिपाई यांच्यापासून येथवरचा प्रवास पाच वर्षांचा होता.

मुल्कोवालची बाटली

मात्र हा वाढता पैसा लस बनवण्यासाठी होता. १९०२ मध्ये पंजाब सरकारने फार मोठ्या प्रमाणावर टोचणी करायचे ठरवले आणि परळकडे लाखो मात्रांची मागणी आली. जुन्या पद्धतीने ती पुरी होण्यासारखी नव्हती. हाफकिनने पद्धत बदलली. नव्या पद्धतीत लस लवकर तयार होई, पण तीत कार्बोलिक आम्ल घातले जात नसे, फक्त उष्णतेवर भर होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबमधील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने मरण पावले. या एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती. बाकीच्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

चौकशी समितीने बाटली परळमध्येच दूषित झाली असावी असा निष्कर्ष काढला, आणि कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका हाफकिनवर आला. त्याला पदावरून दूर करण्यात आले. पण त्याच चौकशीत एक साक्ष होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण शाळेत शिकवतो. रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्याच्यावरील कलंक पुसला गेला. तो भारतात परतला खरा, पण कलकत्त्याला. परळची संस्था त्याच्या हाती पुन्हा आली नाही.

या प्रकरणातून संशोधनाच्या व्यवस्थापनाचा एक धडा निघतो. मागणी करणारे सरकार एक, लस बनवणारी संस्था दुसरी आणि टोचणारे हात तिसरे. कामाची घाई तिघांनाही होती, पण मधल्या प्रत्येक पायरीची नोंद कोणी ठेवायची आणि धोका कोणाच्या नावावर मांडायचा, हे आधी ठरलेले नव्हते. त्यामुळे सगळा हिशेब एकाच माणसाच्या माथी मारणे सोपे गेले.

पिसवेचा पुरावा

प्लेग माणसापर्यंत कसा पोचतो, हा मूळ प्रश्न अजून तसाच होता. १८९७ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया इत्यादी देशांची पथके मुंबईत येऊन गेली. जर्मन पथकात खुद्द रॉबर्ट कॉख होते. प्रत्येक पथक आपापल्या देशाच्या खर्चाने आले, काही महिने राहिले, अहवाल घेऊन परतले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने पाठवलेला पॉल-लुई सिमाँ मात्र वेगळ्या दिशेने विचार करत होता. जून १८९८ मध्ये कराचीत त्याने प्लेगने आजारी असलेला उंदीर मोठ्या काचेच्या भांड्यात ठेवला आणि त्यावर पिसवा सोडल्या. त्याच भांड्यात जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नव्हता, तरी निरोगी उंदीर प्लेगने मेला. साधने साधी होती, निष्कर्ष मोठा होता. पण सरकारी भारतीय प्लेग आयोगाने तो मान्य केला नाही. एका माणसाचे एक-दोन प्रयोग पुरेसे नाहीत, असे म्हणायला त्यांना जागा होती, आणि ते प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहायला कोणाकडेच निधी नव्हता.

तो निधी १९०५ मध्ये उभा राहिला. लंडनचे इंडिया ऑफिस, रॉयल सोसायटी आणि लिस्टर संस्था यांनी मिळून एक सल्लागार समिती नेमली आणि तिच्या देखरेखीखाली एक संशोधक गट परळला काम करू लागला. परळचेच ग्लेन लिस्टन त्यात होते आणि अनेक भारतीय सहायकही होते. या वेळी लस बनवण्याचा रेटा त्यांच्यावर नव्हता. प्लेग कसा पसरतो, एवढाच नेमका प्रश्न त्यांना दिला होता आणि उत्तरासाठी वर्षे दिली होती.

त्यांनी परळच्या आवारात मुंबईच्या घरांसारख्या छोट्या झोपड्या बांधल्या. त्यांत प्लेगग्रस्त आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. जिथे पिसवा होत्या तिथे साथ पसरली. जिथे पिसवा नव्हत्या तिथे आजारी आणि निरोगी प्राणी एकमेकांना चिकटून राहिले तरी रोग पसरला नाही. मग काही पिंजरे जमिनीपासून दोन इंचांवर आणि काही दोन फुटांवर टांगले. दोन फुटांवरचे प्राणी वाचले, कारण पिसवेची उडी तेवढी पोचत नाही. दुसऱ्या एका प्रयोगात माकडाच्या पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंद चिकट पट्टा लावला. पट्ट्यातले माकड वाचले. बरोबरीने मुंबईत हजारो उंदीर पकडून तपासले गेले, त्यांच्यातली साथ माणसांच्या साथीच्या आधी येते हे तारखांनिशी दाखवले गेले. सिमाँचा निष्कर्ष खरा ठरला, पण मधल्या आठ-नऊ वर्षांत भारतात प्लेगने लाखो माणसे नेली होती.

निधी टिकतो तेव्हा

यानंतर १९११ मध्ये सरकारने भारतीय संशोधन निधी संघ स्थापन केला. त्याच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ रोजी परळच्या याच प्रयोगशाळेत झाली. एखादी साथ आली की तात्पुरती तरतूद करायची, या पद्धतीऐवजी वैद्यकीय संशोधनासाठी कायमचा निधी आणि त्याचे वाटप करणारे मंडळ असावे, ही त्यामागची कल्पना. १९१३ मध्ये मंडळाने स्वतःचे नियतकालिकही सुरू केले. पैसा कशासाठी दिला आणि त्यातून काय निघाले, हे इतरांना तपासता येण्याची सोय त्यामुळे झाली. १९४९ मध्ये या संघाचे नाव भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद असे झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिनचे नाव मिळाले. तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या.

या धाग्याचे दुसरे टोक पुण्यात सापडते. १९५२ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. आज ती राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखली जाते. २०२० मध्ये कोविडचा विषाणू या संस्थेने प्रयोगशाळेत वेगळा केला आणि त्यावरून कोव्हॅक्सिन ही लस तयार झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने लस संशोधनासाठी ९०० कोटी रुपयांची कोविड सुरक्षा मोहीम जाहीर केली. हा पैसा आवश्यक होताच. पण विषाणू हाताळण्याची सुरक्षित प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित माणसे त्या ९०० कोटींतून काही महिन्यांत उभी राहिली नसती. ती आधीच्या अनेक वर्षांच्या, गाजावाजा न झालेल्या अनुदानांतून तयार झाली होती.

याच कोविड काळात गाजलेल्या एम-आरएनए लसींची कथाही अशीच. त्यांचा पाया घालणाऱ्या कातालिन कारिको यांना १९९० च्या दशकात अमेरिकेत अनुदाने मिळेनात, १९९५ मध्ये त्यांचे पद खाली आणले गेले. २०२३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या कामाला साथीच्या आधी कोणी पैसा देईना, तेच काम साथीत सर्वांना हवे झाले.

वर्गात हा इतिहास शिकवताना विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवता येईल. तुमच्याकडे साथीच्या ऐन भरात खर्च करायला ठरावीक रक्कम आहे. त्यातली किती लस बनवायला द्याल, किती रोग कसा पसरतो हे शोधायला, आणि किती नोंदी ठेवायला? तुरुंगातील आकडे, मुल्कोवालची बाटली आणि टांगलेले पिंजरे फळ्यावर मांडून मुलांना वाटणी करायला सांगावी. बहुतेक मुले पहिल्या फेरीत जवळजवळ सगळी रक्कम लसीला देतील. मग दुसऱ्या फेरीत त्यांना विचारावे, की पिंजरा दोन फुटांवर टांगून पाहण्याचा खर्च किती आला असता, आणि तो १८९८ मध्येच केला असता तर चुना लावण्याचा आणि सामान जाळण्याचा किती खर्च वाचला असता?