याआनची चोरी

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा चिमुकला देश. एदुआर्द विल्दे यांनी तेथे १८९६ साली लिहिलेल्या कादंबरीचे नाव आहे ‘थंड प्रदेशाकडे’. थंड प्रदेश म्हणजे सैबेरिया. झारच्या अमलात गुन्हेगारांची रवानगी तिकडे होई. आपल्या भाषेत म्हणायचे तर काळे पाणी!

या देशात जमीन जर्मन सरदारांची आणि घाम एस्टोनियन शेतकऱ्यांचा, असा शतकानुशतकांचा रिवाज. १८१६ साली उत्तर भागात आणि १८१९ साली दक्षिणेत भूदास मुक्त झाले खरे. पण जमीन सरदारांकडेच राहिली. वेठ तर १८६८ पर्यंत चालली. माणूस मोकळा झाला, पण पाय टेकायला जागा परक्याची. पुढे काही शेतकऱ्यांनी जमिनी विकत घेतल्या आणि ते सुस्थित झाले. त्यांच्याखाली उरला तो झोपडीवाल्यांचा वर्ग.

१८८० साली बोर्नहोहे या तरुणाने ‘सूड घेणारा’ ही कादंबरी लिहिली होती. तिचा विषय १३४३ चे बंड, आणि खलनायक अर्थातच जर्मन सरदार. अशा पुस्तकाने वाचकाचे रक्त सळसळते, पण त्याची झोप मोडत नाही; दोष परक्याचा असतो ना!

विल्दे यांनी ही सोय काढून घेतली. त्यांचा याआन हा झोपडीत राहणारा, सरळमार्गी तरुण. घरात उपासमार. अखेर तो चोरांच्या संगतीत सापडतो आणि सैबेरियाची वाट त्याच्या नशिबी येते. येथे चिलखत घातलेला खलनायक कोठे आहे? गावात स्वभाषेचेच सुस्थित शेतकरी आहेत. चोरी केली याआनने; पण त्याला उपाशी कोणी ठेवले, हा प्रश्न न्यायाधीश विचारीत नाही, कादंबरी विचारते. करुणरस कोठे कोठे जरा जास्त झाला आहे, हे आम्ही नाकारीत नाही.

विल्दे यांचा जन्म १८६५ चा. वडील सरदाराच्या मुऊगा येथील वाड्यावर नोकरीस असल्याने वाडा आणि झोपडी दोन्ही त्यांनी जवळून पाहिली. १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये राहून त्यांनी युरोपातील नवे वास्तववादी साहित्य आणि समाजवादी विचार जाणून घेतले. पुढे १८९८ मध्ये नार्वाच्या कापडगिरणीतील मजुरांवर आणि १९०२ मध्ये माह्त्रा येथील १८५८ च्या शेतकरी उठावावर त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. १९०५ च्या क्रांतीनंतर लेखकालाच देश सोडावा लागला; तो परतला १९१७ साली.